विश्लेषण : रडारवरचा प्रत्येक तिसरा अँटेना मुका का?

पाणबुडीतून सुटणाऱ्या क्षेपणास्त्रांचा सुगावा लागावा म्हणून अमेरिकेने १९८० च्या सुमारास ‘पेव्ह पॉज’ या नावाची रडार उभारली. इमारतीच्या तिरक्या भिंतीवर सुमारे २२ मीटर व्यासाचे वर्तुळ आणि त्यात २,६७७ अँटेना, अशी तिच्या एका तोंडाची रचना. मात्र त्यातले १,७९२ अँटेनाच प्रक्षेपण करत. उरलेले ८८५, म्हणजे साधारण दर तिनातला एक, नुसतेच बसवलेले होते. हा बिघाड नव्हता, आराखडाच तसा होता. कमी अँटेना वापरूनही रडारचा झोत बारीक आणि स्वच्छ ठेवण्याचा तो एक मार्ग आहे. तो कसा चालतो, त्याची किंमत काय आणि खोडदच्या महाकाय दुर्बिणीशी त्याचा संबंध काय, याचा हा आढावा.

‘साइडलोब’ म्हणजे काय?

एकटा साधा अँटेना बल्बसारखा असतो, त्याच्या लहरी बऱ्याच दिशांना पसरतात. अनेक अँटेना ठरावीक अंतरावर मांडून त्यांना एकाच तालात सिग्नल दिला की एका दिशेने सगळ्यांच्या लहरी एकमेकींत मिळतात आणि तिकडे जोरदार झोत तयार होतो. अशा मांडणीला ‘अ‍ॅरे’ म्हणतात. प्रत्येक अँटेनाचा ताल किंचित मागेपुढे केला तर काहीही न हलवता झोत दुसरीकडे वळवता येतो. मांडणी जितकी रुंद, तितका झोत बारीक.

बाकीच्या दिशांना लहरींनी एकमेकींना पूर्ण मारून टाकावे अशी अपेक्षा असते, पण तसे होत नाही. काही दिशांना ‘शून्य’ मिळते आणि दोन शून्यांच्या मध्ये थोडी शक्ती उरते. आलेखावर ती मुख्य पाकळीच्या दोन्ही अंगांना लहान पाकळ्यांसारखी दिसते. याच त्या बाजूच्या पाकळ्या, अर्थात साइडलोब. त्यांचा जोर डेसिबलमध्ये सांगतात. मुख्य झोताच्या १० डेसिबल खाली म्हणजे शक्तीचा दहावा भाग, २० खाली म्हणजे शंभरावा आणि ३० खाली म्हणजे हजारावा. सर्व अँटेनांना सारखाच सिग्नल दिलेल्या लांब रांगेत पहिला साइडलोब मुख्य झोताच्या १३ डेसिबल खाली असतो, म्हणजे सुमारे एकविसावा भाग. रांग कितीही वाढवली तरी हा आकडा हलत नाही. झोत बारीक होतो, पण पहिली पाकळी आपल्या जागी तशीच जोरदार राहते.

एकविसावा भाग एवढा त्रासदायक का?

रडारला परत येणारा प्रतिध्वनी अत्यंत क्षीण असतो म्हणून. आकाशातून खाली पाहणाऱ्या विमानावरील रडारचे उदाहरण घेऊ. मुख्य झोतात दूरचे एक छोटे विमान आहे आणि साइडलोबखाली मैलोन्‌मैल जमीन पसरली आहे. जमिनीचा प्रतिध्वनी साइडलोबमधून आला तरी तो विमानाच्या प्रतिध्वनीला सहज बुडवतो. अमेरिकेच्या ‘ई-३’ या टेहळणी विमानावरील रडारसाठी अतिशय कमी साइडलोबचा अँटेना मुद्दाम बनवावा लागला तो यामुळेच. शत्रूलाही ही वाट ठाऊक असते. त्याचा गोंगाट करणारा प्रक्षेपक नेमका मुख्य झोतात असण्याची गरज नाही. साइडलोबच्या फटीतून आत घुसूनही तो रडारला आंधळी करू शकतो. हवामानाच्या रडारवर हीच फट पाऊस नसलेल्या ठिकाणी पाऊस दाखवू शकते.

नागरी वापरातही हा प्रश्न आहे. विषुववृत्तावर ठरावीक जागी राहणारे दळणवळण उपग्रह एकमेकांपासून अवघ्या दोन-तीन अंशांवर असतात. जमिनीवरून एका उपग्रहाकडे संदेश पाठवताना साइडलोब शेजारच्या उपग्रहावर पडला, तर दुसऱ्याच ग्राहकाच्या सेवेत खरखर येते. म्हणून अशा अँटेनांचे साइडलोब किती असावेत यावर आंतरराष्ट्रीय मर्यादा आहेत.

पहिला उपाय : कडेचा आवाज कमी

साइडलोब मुख्यतः रांग कडेला अचानक संपते म्हणून तयार होतात. मग मधल्या अँटेनांना जास्त आणि कडेच्यांना कमी सिग्नल दिला तर? गणित सांगते की पाकळ्या खाली जातात. याचे टोकाचे उदाहरण १९२० च्या दशकात अमेरिकी अभियंता जॉन स्टोन स्टोन यांनी मांडले. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर पाच अँटेना ठेवा आणि त्यांच्या सिग्नलचे प्रमाण १ : ४ : ६ : ४ : १ असे ठेवा. हे आकडे पास्कलच्या त्रिकोणातले, म्हणजे आपल्याकडील मेरुप्रस्तारातले. या मांडणीत साइडलोब एकही उरत नाही.

मात्र त्याची भरपाई करावी लागते. पाचही अँटेनांना सारखा सिग्नल दिला असता तर झोताची रुंदी सुमारे २१ अंश आली असती आणि सर्वांत मोठा साइडलोब १२ डेसिबल खाली राहिला असता. स्टोन यांच्या प्रमाणात झोत ३० अंशांपर्यंत फुगतो. शिवाय एका दिशेला शक्ती एकवटण्याची क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घटते, कारण कडेचे अँटेना जवळजवळ बसूनच असतात. मधल्या अँटेनाची शक्ती कडेच्याच्या तब्बल ३६ पट असते.

यावर व्यवहारी तोडगा निघाला तो १९४६ मध्ये. सी. एल. डॉल्फ यांनी चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाच्या बहुपदी वापरून दाखवले की, साइडलोब नाहीसे करण्याचा हट्ट सोडून ते सगळे एकाच ठरावीक पातळीवर आणले तर झोत शक्य तितका बारीक राहतो. साइडलोब २० डेसिबल खाली हवे असतील तर आपल्या पाच अँटेनांसाठी हे प्रमाण १ : १.६१ : १.९३ : १.६१ : १ असे येते आणि झोत सुमारे २४ अंशांचा राहतो. म्हणजे अवघी तीन अंशांची रुंदी देऊन साइडलोब १२ वरून २० डेसिबल खाली. पुढे १९५५ मध्ये टी. टी. टेलर यांनी मोठ्या अँटेनांना मानवेल असे याचे रूप दिले. आंध्र प्रदेशात तिरुपतीजवळ गदांकी येथे वातावरणाचा अभ्यास करणाऱ्या रडारमध्ये १३० मीटर गुणिले १३० मीटर जागेत १,०२४ यागी अँटेना उभे आहेत. मूळ आराखड्यात त्यांना ३२ प्रक्षेपक जोडलेले होते, मध्यभागी जास्त शक्तीचे आणि कडेला कमी शक्तीचे. हीच ती युक्ती.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण प्रक्षेपकाची. आधुनिक रडारमध्ये प्रत्येक अँटेनामागे स्वतःचा शक्तिवर्धक असतो. तो पूर्ण जोरात चालतो तेव्हाच सर्वाधिक कार्यक्षम असतो. त्याला अर्ध्या जोरावर चालवणे म्हणजे विजेची नासाडी आणि उष्णतेची डोकेदुखी. वेगवेगळ्या शक्तीचे वर्धक बनवायचे तर उत्पादन, सुटे भाग आणि देखभाल सगळेच किचकट होते.

दुसरी अडचण संख्येची. झोत दोन्ही दिशांनी निम्मा बारीक करायचा तर भिंत दोन्ही बाजूंनी दुप्पट हवी, म्हणजे अँटेना चौपट. प्रत्येकामागे वर्धक, ताल बदलणारा भाग, तारा आणि थंडावा आला. रडारच्या खर्चातला मोठा वाटा इथेच जातो. त्यामुळे कमी अँटेनांत भागवण्याची ओढ स्वाभाविक आहे.

अँटेना दूर-दूर ठेवून भागेल का?

सरळ उपाय म्हणजे भिंत तेवढीच ठेवून अँटेनांमधले अंतर वाढवणे. पण अंतर सर्वत्र सारखे ठेवून ते एका तरंगलांबीपर्यंत किंवा पुढे नेले तर मुख्य झोताइतकाच जोरदार दुसरा झोत भलत्याच दिशेला उगवतो. कारण त्या दिशेलाही सगळ्या लहरी एका पूर्ण फेऱ्याने मागेपुढे होऊन पुन्हा एकाच तालात येतात. रडारला विमान उजवीकडे आहे की डावीकडे हेच मग कळत नाही. झोत सर्व बाजूंना फिरवायचा असेल तर अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास ठेवावे लागते, आणि संख्या पुन्हा वाढते.

दोष अंतराचा जितका, तितकाच शिस्तीचाही आहे. अंतरे असमान केली तर लहरींना भलत्या दिशेला एकत्र यायला जागाच राहत नाही. १९६० मध्ये एच. उन्झ यांनी असमान अंतरांच्या मांडणीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या विषयाला तोंड फुटले.

विरळ रचना म्हणजे नेमके काय?

यातून पुढे आलेली कल्पना साधी आहे. कडेच्या अँटेनांचा जोर कमी करण्याऐवजी कडेच्या अँटेनांची संख्याच कमी करायची. मध्यभागी अँटेना दाट, कडेला विरळ आणि प्रत्येकाला अगदी सारखी शक्ती. दुरून पाहिले तर परिणाम तोच होतो. वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात शाईचा रंग एकच असतो, ठिपके दाट की विरळ यावर काळी किंवा करडी छटा ठरते. इथेही तसेच. मेरिल स्कोल्निक आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये ही पद्धत संख्याशास्त्राच्या आधारे मांडली. एखादी जागा भरायची की रिकामी ठेवायची याची शक्यता मध्यापासून कडेकडे कमी करत न्यायची, असे तिचे सूत्र.

‘पेव्ह पॉज’वरील मुके अँटेना याच विचारातून आले. अलास्कातील शेम्या बेटावर १९७७ पासून चालणारी ‘कोब्रा डेन’ रडार त्याहून विरळ आहे. तिच्या सुमारे २९ मीटरच्या तोंडावर ३४ हजारांहून अधिक जागा असून सक्रिय अँटेना फक्त १५,३६० आहेत, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

मग मुक्या जागा सरळ रिकाम्या का ठेवत नाहीत? कारण शेजारी बसलेले अँटेना एकमेकांवर परिणाम करतात. एकाच्या चारी बाजूंना शेजारी आणि दुसऱ्याच्या एका बाजूला पोकळी असेल तर दोघांचे वागणे बदलते आणि कागदावरचे गणित फिसकटते. मुका अँटेना शेजाऱ्याची जागा भरून काढतो आणि प्रत्येक सक्रिय अँटेनाला सारखे वातावरण देतो.

याची किंमत काय?

इथेच खरा हिशेब आहे. विरळ रचनेत झोताची रुंदी जवळपास तशीच राहते, कारण ती भिंतीच्या रुंदीवर ठरते. पण दोन गोष्टी हातच्या जातात.

पहिली म्हणजे साइडलोबची सरासरी पातळी. अँटेना अगदी अनियमित मांडले आहेत असे समजा. मुख्य दिशेला १,००० अँटेनांचे सिग्नल एका तालात मिळतात, तेव्हा शक्ती १,००० चा वर्ग, म्हणजे १० लाख पट होते. इतर दिशांना ताल विस्कळीत असतो, तिथे सरासरी शक्ती फक्त १,००० पट भरते. दोन्हींचे गुणोत्तर हजारास एक, म्हणजे ३० डेसिबल. १०० अँटेना असतील तर २० डेसिबल आणि १० हजार असतील तर ४०. ही झाली सरासरी, सर्वांत उंच पाकळी तिच्याही काही डेसिबल वर असते. वाय. टी. लो यांनी १९६४ मध्ये याचा सविस्तर सिद्धांत मांडला. त्याचे सार असे : साइडलोब किती खाली हवेत यावरच अँटेनांची किमान संख्या ठरते, मांडणी किती पसरली आहे याचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणजे थोडक्या अँटेनांत बारीक झोत मिळू शकतो, पण सर्व दिशांना अतिशय स्वच्छ झोत मिळू शकत नाही. नियमित मांडणी शक्ती थोड्या पाकळ्यांत साठवते, अनियमित मांडणी तीच सगळीकडे पातळ पसरवते.

दुसरी किंमत पल्ल्याची. प्रत्येक अँटेनाची शक्ती तीच ठेवून निम्मे अँटेना काढले तर एकूण शक्ती निम्मी, ती एका दिशेला एकवटण्याची ताकद निम्मी आणि प्रतिध्वनी टिपण्याची क्षमताही निम्मी. तिन्ही मिळून आठवा भाग. रडारचा पल्ला या गुणाकाराच्या चौथ्या मुळानुसार बदलतो, त्यामुळे तो सुमारे ६० टक्क्यांवर येतो. दोन विमाने वेगळी ओळखण्याची धार कायम राहते, पण ती किती लांबून दिसतील हे मात्र घटते. काटकसर कुठे परवडते आणि कुठे नाही हे या एका आकड्यावरून ठरवता येते.

कोणते अँटेना काढायचे हे कसे ठरवतात?

नशिबावर सोडले तर सरासरी निकाल मिळतो. त्याहून चांगला हवा असेल तर शोध घ्यावा लागतो, आणि तो अफाट असतो. २०० जागांच्या रांगेत प्रत्येक जागा चालू की बंद एवढेच ठरवायचे आहे. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या तरी शक्यता २ चा शंभरावा घात, म्हणजे १ वर ३० शून्ये यापेक्षाही जास्त. सगळ्या तपासणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. डॉल्फ यांच्यासारखे एका ओळीचे सूत्रही इथे नाही, कारण अँटेनाची जागा बदलली की पाकळ्या सरळ प्रमाणात बदलत नाहीत.

१९९४ मध्ये रँडी हॉप्ट यांनी यासाठी उत्क्रांतीची नक्कल करणारी ‘जेनेटिक अल्गोरिदम’ पद्धत वापरून दाखवली. यदृच्छेने काही मांडण्या घ्यायच्या, वाईट टाकून द्यायच्या, चांगल्यांचा संकर करायचा, अधूनमधून एखादी जागा उलटवायची आणि हे पुन्हा पुन्हा करायचे. अशा रीतीने २०० जागांच्या रांगेत काही अँटेना बंद करून त्यांनी साइडलोब २० डेसिबलच्याही खाली आणले. सगळे चालू असते तर ते १३ वरच थांबले असते. अँटेना कमी करून झोत अधिक स्वच्छ झाला, तोही सर्वांना सारखीच शक्ती देऊन. त्यानंतर मुंग्या, पक्ष्यांचे थवे यांच्या वागण्यावरून सुचलेल्या पद्धती आणि अलीकडे शुद्ध गणिती पद्धतीही या कामी आल्या. मात्र ‘यापेक्षा चांगली मांडणी असूच शकत नाही’ अशी हमी मोठ्या रचनांत क्वचितच देता येते.

खोडदच्या दुर्बिणीने कोणता मार्ग घेतला?

फक्त ऐकायचेच असेल, प्रक्षेपण करायचेच नसेल, तर आणखी मोकळीक मिळते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथील ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’मध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यातल्या १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरमध्ये आहेत, तर १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन भुजांवर. एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटर. म्हणजे इथेही मध्यभागी दाट, कडेला विरळ.

अशी दुर्बीण दोन-दोन तबकड्यांच्या जोडीने काम करते. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीतले अंतर व दिशा आकाशाबद्दल वेगळी माहिती देते. दोन जोड्यांचे अंतर सारखे असेल तर एक जोडी जवळजवळ वाया जाते. चार अँटेना ०, १, ४ आणि ६ या खुणांवर ठेवून पाहा. त्यांच्या सहा जोड्यांतून १ ते ६ ही सगळी अंतरे एकेकदाच मिळतात. सात अँटेनांचे काम चार अँटेना करतात. शिवाय पृथ्वी फिरत असल्याने आकाशातून पाहता या जोड्यांची दिशा तासातासाला बदलते आणि मोकळ्या जागा आपोआप भरत जातात.

तरीही साइडलोब उरतातच. तेजस्वी ताऱ्याभोवती ते खोट्या वलयांसारखे दिसतात. ते पुसण्यासाठी १९७४ मध्ये यान हॉगबोम यांनी ‘क्लीन’ ही गणिती पद्धत दिली. सर्वांत तेजस्वी बिंदू शोधायचा, त्याच्या पाकळ्या कशा दिसतील हे ठाऊक असल्याने त्या वजा करायच्या, मग पुढचा बिंदू घ्यायचा. जे लोखंडात वाचवले ते संगणकात भरून काढले. रडारला ही चैन मर्यादितच परवडते, कारण क्षेपणास्त्र तासन्‌तास जागेवर थांबत नाही.

प्रत्यक्षात काय बिघडते?

कागदावर ४० डेसिबल सहज मिळतात, भिंतीवर नाही. १०० अँटेनांच्या रचनेत प्रत्येकाच्या तालात सरासरी सहा अंशांची चूक असेल तर तेवढ्यानेच ४० डेसिबलच्या पातळीवर साइडलोबचा थर साचतो. तीन सेंटिमीटर तरंगलांबीवर सहा अंश म्हणजे अर्धा मिलिमीटर. उन्हाने पत्रा वाकला, एखादी तार तापली किंवा काही वर्धक बंद पडले तरी मेहनतीने बसवलेली मांडणी ढळते. म्हणून अशा रडारमध्ये वेळोवेळी प्रत्येक अँटेनाचा ताल मोजून दुरुस्त करतात.

पुढे काय?

रुंद पट्ट्यात काम करणाऱ्या यंत्रणांत अनियमित मांडणी आता काटकसरीपुरती राहिलेली नाही, ती गरज बनली आहे. ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या ‘एसकेए-लो’ दुर्बिणीत ५१२ ठाणी असतील आणि प्रत्येकात २५६, म्हणजे एकूण १,३१,०७२ अँटेना असतील. ती ५० ते ३५० मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यात ऐकणार आहे, म्हणजे तरंगलांबी सहा मीटरपासून एक मीटरच्याही खाली जाणार. समान अंतर ठेवले तर वरच्या टोकाला भलते झोत उगवणारच, म्हणून ठाण्यातले अँटेना अनियमित मांडले जातात. या प्रकल्पात भारत सहभागी आहे आणि देशातील काम पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या पुढाकाराने चालते.

मोटारीच्या बंपरमागच्या छोट्या रडारमध्येही हाच विचार आहे. तिथे तीन प्रक्षेपक आणि चार ग्राहक योग्य अंतरांवर ठेवून १२ अँटेनांचे काम साधतात. पुढची गाडी आणि रस्त्याकडेचा खांब यांतला फरक ओळखताना साइडलोबने खांबाला गाडीच्या जागी दाखवले तर ब्रेक विनाकारण लागेल. तेव्हा किती अँटेना वाचवले हा निम्माच प्रश्न आहे. वाचवल्यावर पातळ पसरलेली शक्ती कोणत्या दिशेला गेली आणि तिकडे कोण उभे आहे, हा उरलेला प्रश्न प्रत्येक आराखड्याला सोडवावा लागतो.